ढोबळी मिरचीचा फेरा आणि वन्संची भोगी

मी आठ दिवस हैदराबादेत राहिले आणि चारमिनार पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बिर्याणी, मोती आणि लाखेच्या बांगड्यांची वाट बघणाऱ्यांनी इथंच थांबावं. मी पाहिलं ते आबिड्सचं मोठं पोस्ट. साताऱ्याच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलेल्या बाईला दुसरं काय बघावंसं वाटणार? आणि पाहिली एक पिवळी ढोबळी मिरची, जी माझ्यापेक्षा दुप्पट प्रवास करून तिथं आली होती. तिच्यापायी मी एका मंडळाच्या अध्यक्षांशी भांडले, पोटच्या पोरीशी भांडले. लोक म्हणाले, या वयात कशाला? मी म्हणते, या वयात नाही तर कधी? नोकरीत असताना भांडायला सुट्टी कुठं मिळत होती?

जायचं कारण होत्या वन्सं. शकुंतला, माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लग्न होऊन हैदराबादला गेल्या त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. सासरची मंडळी उदगीरकडची, जुन्या निजामी मुलखातली शेतकरी माणसं, पुढे शहरात येऊन नोकरी-व्यापारात रुळलेली. तिथं राहून वन्संची साताऱ्याची जीभ पार बदलली. आता त्या बोलतात ते मराठी, दखनी आणि तेलुगू यांचं एक मिश्रण असतं, आणि त्या चिडल्या की त्यात दखनी वाढत जातं.

डिसेंबरअखेर त्यांचा फोन आला. आवाजात दखनी भरपूर होतं.

"वहिनी, माझी भोगी काढून घ्यायलेत लोकां. इथल्या मराठी मंडळाची भोगी बावीस बरस मी केली. आता म्हणतेत कायकू परेशानी, बाहेरून मंगवू. रंगीत भाज्या हैत म्हणे. लाल मिरची, पिवळी मिरची, ब्रोकोली. ते भोगी हे का सर्कस?"

"कोण म्हणतं असं?"

"कोण म्हणंल? तुमची लेक. सेक्रेटरी हाय ना ती मंडळाची."

माझी केतकी. वन्संची सख्खी भाची. हैदराबादेत एका मोठ्या कंपनीत काम करते, जिथं राहते तिथं बाराव्या मजल्यावरून ढग दिसतात. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

चिक्कडपल्ली, भोगीच्या चार दिवस आधी

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती लपवली असती तर हे प्रवासवर्णन बरंच सुंदर झालं असतं.

मी साताऱ्याहून दोन पिशव्या भरून भाजी नेली. पावटा, घेवडा, हरभऱ्याच्या डहाळ्या, गाजरं, देशी वांगी, बोरं. आपल्याकडच्या बायकांना एक खात्री असते की पुण्याच्या पूर्वेला खाण्यासारखं काही उगवत नाही. मीही त्यातलीच. वन्संच्या भोगीला तिकडे काही मिळत नसेल, म्हणून तर त्या पोरांनी रंगीत मिरच्या काढल्या, असा माझा हिशेब. पिशव्या बसच्या पोटात ठेवल्या, वर मी थंडगार गाडीत शालीत गुंडाळून झोपले. खाली इंजिनाशेजारी माझा पावटा रात्रभर शिजत होता.

सकाळी चिक्कडपल्लीला वन्संच्या स्वयंपाकघरात पिशवी उघडली आणि वन्सं दोन पावलं मागे सरकल्या. घेवडा काळा पडून चिकट झाला होता. हरभऱ्याला आंबूस वास. गाजरं तेवढी तग धरून होती.

वन्संनी मला चहा दिला, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी पुढ्यात ठेवली. साताऱ्यात अंबाडी म्हणजे दुसरं काही नसलं की करायची भाजी. तिथं तिला गोंगुरा म्हणतात, पाहुण्याला मानानं वाढतात, लोणचं घालून वर्षभर पुरवतात. ती खाऊन झाल्यावर वन्संनी माझा हात धरला आणि मला कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे नेलं. घरापासून सत्तर पावलं. तिच्यापुढे टोपलीत हिरव्यागार शेंगांचा ढीग होता. वाल, पावटा, घेवडा, तीन-चार जातींचे. त्यांना तिथं चिक्कुडकाया म्हणतात. शेजारी काटेरी देठांची जांभळी वांगी, बोरं, ओला हरभरा.

"इथं सब मिळतंय वहिनी," वन्सं म्हणाल्या. "विचारायचं तरी."

संध्याकाळी केतकी आली. माझ्या लेकीला घडलेली गोष्ट कळायला पाच मिनिटं लागली, आणि तिला जे हवं होतं ते मिळालं.

"आई, तू साताऱ्याहून पाचशे किलोमीटर भाजी आणलीस. ती सडली. आणि तू माझ्या ढोबळीला नावं ठेवायला आलीस?"

"बस येणारच होती. माझ्या पिशवीसाठी ती वेगळी सोडली नव्हती."

"विमानात बसणारे सगळे हेच म्हणतात."

मला फार राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

केतकीनं सोबत एक पाकीट आणलं होतं, आत्याला दाखवायला. पांढऱ्या थर्माकोलच्या तबकात तीन मिरच्या, लाल, पिवळी, हिरवी, वरून ताणून बसवलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा. पाकिटावर एक काळा चौकोन. त्यावर फोन धरला की शेतकऱ्याचा फोटो दिसतो. फेटा बांधलेला, हसरा माणूस. नाव यादगिरी, गाव चेवेळ्याच्या रस्त्यावर, शहरापासून तासाभराच्या अंतरावर.

"बघ आत्या," केतकी म्हणाली, "एकदम लोकल आहे. पॉलिहाऊसमधलं. पाणी कमी लागतं, कीड नाही, निवडायला नको. धुवायचं आणि चिरायचं."

वन्सं ते तबक उलटसुलट करत राहिल्या. मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावला आणि सवयीनं पाकीट उलटून मागचा पत्ता वाचला. पार्सलची खिडकी सुटली तरी ही खोड सुटत नाही. मुंगीएवढ्या अक्षरात 'पॅकिंग केल्याचे ठिकाण' असं इंग्रजीत लिहिलं होतं, आणि खाली पिनकोड. छप्पन्नने सुरू होणारा.

हैदराबादचे पिन पन्नासने सुरू होतात. छप्पन्न म्हणजे बंगळूर.

मंडळाचा हॉल

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाची सभा होती. हॉल लहान, मागे फरशीचं अंगण, अंगणात वन्संचं तिन्ही बाजूंनी काळं झालेलं चुलवण. जमलेली निम्मी मंडळी पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली, निम्मी जुनी हैदराबादी. जुने लोक खुर्च्यांवर बसले होते आणि नवे भिंतीला टेकून फोनवर बोटं फिरवत होते. अध्यक्ष परांजपे पुण्याचे, चाळिशीतले, बोलायला गोड. मला त्यांचा गोडवा पहिल्या वाक्यापासून खटकला, हेही सांगून टाकते.

"शकुंतलाकाकूंचे आपल्यावर उपकार आहेत," ते म्हणाले. "म्हणूनच त्यांना आता त्रास नको."

असं म्हटलं की माणूस संपला. उपकार काढले की समजावं, निरोपाचा हार तयार आहे.

वन्सं सेहेचाळीस वर्षं सासरी राहिलेल्या बाई आहेत, चारचौघांत बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं. मी पाहुणी. माझ्या अंगात असलं काही मुरलेलं नव्हतं.

"ही मिरची लोकल नाही," मी उभी राहून म्हणाले. पाकीट वर धरलं. "हिच्यावर बंगळूरचा पिन आहे."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. परांजपे सौजन्यानं म्हणाले, "काकू, कंपनीचं ऑफिस तिथं असेल. छापतात तसा पत्ता. माल इथलाच आहे. फोटो आहे ना शेतकऱ्याचा."

"फोटो मी पण माझा देईन. त्यानं मिरची कुठं कुठं फिरून आली ते कळत नाही."

"बरं," ते हसत म्हणाले, "तुम्ही सिद्ध करा की ही मिरची दुसऱ्या राज्यात जाऊन आली. तर या भाज्यांची ऑर्डर रद्द. मी शब्द देतो."

त्यांनी तो शब्द एका म्हाताऱ्या बाईला गप्प बसवायला दिला होता. मी तो सगळ्यांसमोर दोनदा वदवून घेतला. केतकीचा चेहरा लाल झाला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तू मला माझ्या लोकांत शरमिंदं केलंस." मी म्हटलं, "उद्या शनिवार आहे, गाडी काढ."

चेवेळ्याचा रस्ता

शहर संपेपर्यंत काचेच्या इमारती आणि खणलेले खडक. मग एकदम वडाची झाडं लागली. दोन्ही बाजूंनी, म्हातारी, एकमेकांत फांद्या अडकलेली, रस्त्यावर सकाळचं ऊन तुकड्यातुकड्यांनी पडलेलं. आपल्याकडचे असे रस्ते गेले. मला तिथं उतरून चालावंसं वाटत होतं, पण केतकी माझ्याशी बोलत नव्हती. मागच्या सीटवर बसून वन्सं चिक्की खात होत्या.

गावात विचारलं की यादगिरीचं शेत कुठं, तर पोरं म्हणाली, ते पांढरं घर. खरंच घरच होतं, कमानीच्या छपराचं, पांढऱ्या प्लास्टिकचं, आमच्या साताऱ्याच्या शाळेच्या हॉलएवढं. यादगिरी बाहेर आला. फेटा नव्हता. निळा टी-शर्ट, डोकं अर्धं टकलं.

आम्ही कोण, कशाला आलो, ते वन्संनी त्यांच्या तेलुगूत सांगितलं. त्याला वाटलं आम्ही कंपनीच्या आहोत. तसं नाही हे कळल्यावर तो खुलला. आत जायच्या आधी आमच्या चपला औषधाच्या पाण्यात बुडवायला लावल्या, दोन दारं होती, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत दमट, उबदार हवा. आणि खोटं कशाला बोलू, फार सुंदर होतं. माणसाच्या डोक्यावर गेलेली झाडं, प्रत्येक दोरीनं वर छपराला बांधलेलं, मध्ये सरळ वाटा, आणि वाटांवर टांगलेल्या लाल-पिवळ्या मिरच्या. मुळाशी थेंबथेंब पाणी. माझ्या मनात मी एक राक्षस धरून आले होते. तिथं एक मन लावून काम करणारा माणूस होता.

"अम्मा, बाहर टमाटे लगाता था तो हफ्ते में दो दफा दवा मारता था," तो म्हणाला. "इधर कम. पानी भी कम. ये झूठ नहीं है."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मग त्याच्या बायकोनं, लक्ष्मम्मानं, आम्हाला मागच्या बाजूला जेवायला बोलावलं. तिथं जायच्या वाटेवर फाटलेल्या, पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकचा ढिगारा होता, माणसाच्या कमरेएवढा. तीन-चार उन्हाळे झाले की छपराचा कागद ठिसूळ होतो, तो म्हणाला, बदलावा लागतो. जुना कोणी घेत नाही. थोडा गोठ्यावर घातला, थोडा वाऱ्यानं तळ्यात नेला. शेताच्या कुंपणावर मात्र चिक्कुडकायाचा वेल चढला होता, जांभळ्या फुलांनी भरलेला. लक्ष्मम्मानं त्याच्याच शेंगांची भाजी वाढली, भाकरीबरोबर.

"आणि मिरची?" मी विचारलं. "तुम्ही खाता का ही?"

यादगिरी हसला. "मीठी मिरची भी कोई मिरची है अम्मा? एक बार पकाई थी. बच्चे रोये."

केतकीनं त्याला पाकिटावरचा त्याचा फोटो दाखवला. त्यानं तो कधी पाहिलाच नव्हता. तो आणि लक्ष्मम्मा डोकं जुळवून बराच वेळ बघत राहिले. "पगड़ी उनकी थी," तो म्हणाला. "फोटो के बाद वापस ले गये."

आणि मग मी माझा प्रश्न विचारला. मिरची तोडली की कुठं जाते?

"ठंडी गाड़ी आती. बेंगलोर जाती."

"हैदराबादला नाही?"

"पहले बेंगलोर. उनकी छांटने की मशीन उधर है. छोटी-बड़ी अलग करते, टेढ़ी फेंक देते, प्लास्टिक लपेटते. फिर ठंडी गाड़ी में वापस."

"वापस कहाँ?"

"इधर. हैदराबाद." त्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. "इसी रस्ते से आती, अम्मा. मैं देखता हूँ ना."

मी एकतीस वर्षं पार्सलं पाठवली. वाकडी गेलेली पाहिली, हरवलेली पाहिली. पण शेजारच्या गल्लीत द्यायचं पार्सल आधी दुसऱ्या राज्यात धाडून परत आणायचं, आणि तेही सगळा वेळ बर्फाच्या गाडीत बसवून, असं करणाऱ्या कारकुनाला आमच्या साहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथं हे रोज चाललं होतं, आणि वरून त्यावर शेतकऱ्याचा फोटो लावून लोकल म्हणून विकत होते. मी इतकी संतापले की लक्ष्मम्माला वाटलं भाजी तिखट झाली.

"तुम्ही बोलत का नाही त्यांना?" मी यादगिरीला विचारलं.

"बोला. बोले, सिस्टम है." त्यानं खांदे उडवले. "मैं उगाता हूँ अच्छा. बाद में क्या होता, मेरे हाथ में नहीं."

मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला.

परतताना केतकीनं वडाखाली गाडी थांबवली. चहाची टपरी होती. वन्सं टपरीवाल्याशी तेलुगूत गप्पा मारत होत्या. केतकीनं कप बाकावर ठेवला.

"मी पाकीट उलटून बघितलंच नाही गं, आई," ती म्हणाली. "रोज मी कामाच्या ठिकाणी लोकांना सांगते की डेटा तपासा."

माझ्या पिशव्या अजून वन्संच्या मोरीत वास मारत होत्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "त्यांचा बंगळूरचा, माझा साताऱ्याचा. माझा लहान, एवढंच."

ती हसली. साताऱ्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा माझ्या मनावरचं ओझं कमी झालं.

भोगीच्या आदल्या दिवशी

केतकीनं मंडळाच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. मराठी लिहायला तिला कष्ट पडतात, तरी मराठीतच लिहिलं, चुका तशाच ठेवून. यादगिरीचं म्हणणं पण लिहिलं, पाणी कमी, औषध कमी, तेही लपवलं नाही. शेवटी लिहिलं: मी सेक्रेटरी म्हणून ऑर्डर रद्द केली आहे.

परांजप्यांचा फोन लगेच आला, तो मीच उचलला. त्यांनी शब्द मोडला नाही, याचं श्रेय त्यांना देते. पण त्यांचा खरा मुद्दा त्यांनी आता काढला, आणि तो खोटा नव्हता.

"काकू, प्रश्न मिरचीचा नाहीच. दीडशे माणसांचा पावटा कोण सोलणार? आमच्याकडे दोघं कामाला जातात. सुट्टीच्या दिवशी माणूस उठत नाही. त्यात अळ्या. दुकानातली भाजी लोक चवीसाठी घेत नाहीत, निवडायला नको म्हणून घेतात."

फोन स्पीकरवर होता. वन्संनी फोन माझ्या हातातून घेतला. ज्या बाई सभेत तोंड उघडत नव्हत्या, त्या म्हणाल्या:

"परांजपे, ऐका. सकाळी सातला अंगणात या सब लोकां. जो निवडंल तो खाईल. जो निवडत नाही, त्याला माझी भोगी नाही. लिहा तुमच्या ग्रुपवर."

"काकू, असं कसं? पाहुणे असतात. सणाच्या दिवशी कुणाला उपाशी..."

"बावीस बरस मी दोन बायकांना घेऊन निवडली. रात-रात बसून. तुम्ही लोकां एक बजे नहाऊन यायचे, खायचे, जायचे. वाह वाह म्हणायचे. मला वाह वाह नको. ये बरस असंच होईल. नाही तर नाही होणार."

त्यांनी फोन ठेवला. मग खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, मी जास्ती बोलले का?" मी म्हटलं, "बावीस वर्षं उशीर झाला." त्यांना एकदम रडू आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा वन्संना रडताना पाहिलं.

दुपारी आम्ही गौलीगुड्याच्या बाजारात जाऊन भाजी घेतली. वन्सं शेंग मोडून बघायच्या, एखादी अळी दिसली की खूश व्हायच्या. "जिथं अळी जगली तिथं आपण पण जगू," म्हणायच्या. भाजीवाल्या त्यांना ओळखत होत्या. कुठून आणलं, असं मी प्रत्येकीला विचारत होते, इतकं की तिसरीनं वन्संना तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि दोघी हसल्या. त्याचा अर्थ मला अजून सांगितलेला नाही.

भोगी

तिथल्या तेलुगू लोकांची भोगी पहाटे सुरू होते. गल्लीत जुन्या चटया, मोडकी लाकडं घालून शेकोटी पेटवतात आणि सगळं जुनं जाळून टाकतात. दारात रांगोळ्या, त्यावर शेणाचे गोळे, गोळ्यांत भोपळ्याची फुलं. शेजारच्या घरी एका बाळाला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं ओतत होते. आपलं बोरन्हाणच ते, वर आपण तीच बोरं भोगीच्या भाजीतही घालतो. दोन्हीकडे सण एक, तारीख एक, आणि एकमेकांचं आपल्याला काही ठाऊक नाही.

सातला अंगणात आम्ही तिघी होतो. साडेसातला जुन्या घरांतल्या पाच बायका आल्या, त्यांतल्या दोघी वन्संच्या नेहमीच्या. आठला केतकीच्या ऑफिसातली चार पोरं आली, त्यांतला एक मराठीही नव्हता. त्यानं वांग्याचे काटे बोटात घुसवून घेतले आणि तरी उठला नाही. नवापर्यंत वीस-बावीस जण झाले असतील. दीडशे मात्र नव्हते. चटयांवर शेंगांचे ढीग पडले होते आणि वन्सं एकीकडे तीळ भाजत, दुसरीकडे नजरेनं डोकी मोजत होत्या. मला भीती वाटत होती. नाही झालं तर ही बाई पुन्हा कधी त्या अंगणात पाय ठेवणार नाही, हे मला दिसत होतं.

बारा वाजले. पहिलं पातेलं शिजून तयार झालं. तिळाच्या कुटाचा, वाल-वांग्याचा वास हॉलमधून रस्त्यावर गेला. बाजरीच्या भाकऱ्या पडत होत्या. दुसऱ्या पातेल्याची भाजी अजून चटईवर होती, अर्धीही झाली नव्हती.

एक वाजता लोक आले. नवे कपडे, अत्तरं, मुलं. बघता बघता दाराबाहेर रांग लागली. सत्तर-ऐंशी माणसं, आणि त्यांच्यापुढे परांजपे, मोतिया रंगाचा रेशमी सदरा घालून. रांगेतल्या कुणीतरी म्हटलं की न खाई भोगी तो सदा रोगी, वाढा आता लवकर.

"काकू," परांजपे हळूच म्हणाले, "झाला ना हट्ट पूर्ण. आता वाढायला घेऊ. लहान मुलं आहेत."

वन्संनी पळी पातेल्याच्या झाकणावर आडवी ठेवली. मला वाटलं, संपलं, आता या वाढायला घेणार. सणाच्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला परत पाठवणं त्यांच्या हातून व्हायचं नाही. त्यांनी मुलांकडे पाहिलं. मुलांना एकेक भाकरी आणि गुळाचा खडा द्यायला सांगितलं. मग त्या चटईकडे गेल्या, शेंगांनी भरलेली एक पाटी उचलली आणि ती परांजप्यांच्या पुढ्यात फरशीवर ठेवली.

"बसा."

"काकू, अहो, हे कपडे..."

"बसा ना बाबा. मी उपाशी नाही ठेवत कुणाला. भाकरी गरम हाय. तोवर एवढी निवडून द्या."

सगळं अंगण बघत होतं. परांजप्यांनी मागे रांगेकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं. केतकीनं चटईवर सरकून जागा केली. ते सदरा सावरत बसले. पहिली शेंग हातात घेतली, मोडली, आणि आतून जिवंत हिरवी अळी त्यांच्या बोटावर आली. ते दचकून ओरडले.

"हौ, अळी हाय," वन्सं म्हणाल्या. "ती बाजूला करा, दाणे वाडग्यात टाका. बंगळूरला नका धाडू."

आधी केतकी हसली, मग रांग हसली, आणि शेवटी परांजपेही. मागच्या माणसांनी चपला काढल्या. कुणी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, कुणी पदर खोचले, चटया पुरेनात म्हणून वर्तमानपत्रं अंथरली. वन्सं पहिल्या पातेल्याशेजारी पाटावर बसून राहिल्या, आणि शेवटच्या पाटीतली शेवटची शेंग सोलून होईपर्यंत त्यांनी झाकण उघडलं नाही.